ताटातली चिंच

आमच्या गावच्या सलूनवाल्या मामांइतका धक्कादायक माणूस मी पाहिलेला नाही, आणि मी पस्तीस वर्षं शाळेत मास्तरकी केली आहे. धक्कादायक म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर जे येतं, त्यातलं मामांनी काहीही केलेलं नाही. ते पीत नाहीत, निवडणुकीला उभे राहत नाहीत, भावकीत कोर्टकचेरी नाही. साठी ओलांडलेला, किडकिडीत, सलूनच्या दारातून आत येताना मान वाकवावी लागते इतका उंच माणूस. कोल्हारच्या अलीकडे, नगर-मनमाड रस्त्याला लागून त्यांचं दोन खुर्च्यांचं सलून आहे. तिथे मी नेमाने महिन्यातून एकदा केस आणि आठवड्यातून दोनदा दाढी करायला जातो, आणि दर खेपेला काय बघावं लागेल याची मला धास्ती असते.

पहिला धक्का मला अर्ध्या दाढीवर बसला. उजवा गाल झाला होता, डाव्या गालावर फेस होता, आणि मामा आरशात बघता बघता थबकले. आरशात त्यांना मागच्या खिडकीबाहेरचं काहीतरी दिसलं असावं. "आलोच, सर," एवढं म्हणून ते वस्तरा हातात घेऊन बाहेर पडले. वस्तरा घेऊन एवढ्या घाईने कोणी बाहेर पडला की आपल्या मनात जे येतं तेच माझ्या आलं. मला वाटलं, जुनं वैर असावं. मी पेपर उघडला. अग्रलेख वाचून झाला, टेंडरच्या नोटिसा वाचून झाल्या, फेस वाळून गालाला ओढ लागली, तेव्हा मामा परत आले. चेहऱ्यावर नातू झाल्यासारखं समाधान. "उंबराला डोळा फुटला," ते म्हणाले. "तीन वर्सं वाट बघत हुतो. चला, दाखवतो." मी डाव्या गालाविषयी काही विचारायच्या आत त्यांनी मला सलूनमागच्या लोखंडी शिडीवर चढवलंसुद्धा.

वर गच्चीवर लाकडी फळ्या होत्या आणि फळ्यांवर सिमेंटच्या उथळ ताटांमध्ये चाळीसेक झाडं होती. वड होता, पारंब्यांसकट, उंची वीतभर. पिंपळ होता, हिवर होता, बांधावरची बोर होती. उंबराचा डोळा मला काही दिसला नाही. मी वरून बघत उभा होतो, ते मामांना सहन झालं नाही. "वरून बघितलं का सगळंच गवत दिसतं, सर. उकिडवं बसा. मुंगीच्या जागेवरून बघा." मी बसलो, आणि नेमकं समोर चिंचेचं ताट आलं.

आता मी वर्णनाच्या बाबतीत हात आखडता घेणारा माणूस आहे. पण त्या ताटात एक म्हातारी चिंच होती. 'चिंचेचं रोप' नव्हे, बैलगाडी सोडून जिच्या सावलीत माणसं शिदोरी उघडतात तशी चिंच. फक्त ती सव्वा फूट उंच होती. खोडाला गाठी, मुळांनी मातीला असं धरलेलं की जणू म्हाताऱ्याने काठीची मूठ धरली आहे. खालची फांदी किंचित आपल्याकडे झुकलेली, फांद्यांना वळण लावायला तांब्याची तार गुंडाळलेली. एक फांदी वाळून चांदीसारखी झालेली. ती मामांनी मुद्दाम मारली होती. पानं तिळाएवढी. आणि या सगळ्यात एक चिंच लटकत होती, बाजारात मिळते तेवढी मोठी. मला ती चिंच बघून जरा भीतीच वाटली. मामा म्हणाले, "पान आपलं ऐकतं, सर. फळ न्हाई कुनाचं ऐकत." हे झाड त्यांना त्यांच्या लग्नाच्या वर्षी प्रवरेच्या घाटाच्या पायरीच्या फटीत सापडलं होतं. तीस वर्षांत त्यांनी त्याच्या अंगावरची प्रत्येक काडी ठरवून ठेवली होती किंवा ठरवून काढली होती. उतरताना माझ्या लक्षात आलं की मी अर्ध्या तोंडाला फेस लावून पाऊण तास उकिडवा बसलो होतो.

तोवर बोन्सायविषयी माझं मत सुशिक्षित माणसाचं असतं तसं होतं, म्हणजे ऐकीव. शहरातल्या रिकाम्या श्रीमंतांनी झाडांचा केलेला छळ. ते मी मामांना पुढच्या दाढीला सुनावलं. वस्तरा गळ्यापाशी असताना हे बोलायला नको होतं. मामांनी शांतपणे हनुवटी वर केली आणि म्हणाले, "तुमी पस्तीस वर्सं पोरं वळवली. त्यांना तारा लावताना इचारलं हुतं का?" मग वस्तरा पुसत म्हणाले, "माझं झाड निदान नापास न्हाई झालं." ही कला कुठे शिकलात, असं विचारलं तर ते सरळ सांगतात, "शेळीकडं." त्यांच्या लहानपणी बांधावर एक बोर होती, आणि एक शेळी तिला रोज जाता-येता खुडायची. पंधरा वर्षांत बोर गुडघ्याच्या वर गेली नाही, पण खोड मांडीएवढं झालं. मामांनी तिथे बसून बसून पाहिलं की शेळी कोणता कोंब खाते आणि कोणता सोडते. "मानसाला दाखवलं तर सगळं खाऊन बसंल," ते म्हणतात. "शेळीला अक्कल हाय." त्यांचं दुसरं एक मत असं की झाडाला दुष्काळ दाखवला पाहिजे, त्याशिवाय वय दिसत नाही. आमच्या जिल्ह्यात याबाबतीत गैरसोय अशी कधीच झालेली नाही.

या विद्येचा त्यांच्या धंद्यावर जो परिणाम झाला तो गिऱ्हाइकांनी मुकाट्याने सोसला. प्रत्येक झाडाला तोंड असतं, तसं प्रत्येक डोक्यालाही एक बघण्याची बाजू असते, असं ते मानतात. माझं डोकं डावीकडून बघायचं आहे, असं त्यांनी पहिल्या वर्षीच जाहीर केलं, आणि खोटं कशाला सांगू, तेव्हापासून लग्नाच्या फोटोत मी उजव्या टोकाला उभा राहतो. एकदा कॉलेजचा एक मुलगा मोबाईलवर कुठल्या नटाचा फोटो दाखवून "असे कापा" म्हणाला. मामांनी त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून फिरवलं, मागे सरून उकिडवे बसले, बराच वेळ पाहिलं. "आत्ता न्हाई," ते म्हणाले. "मागचा फुटवा कोवळा हाय. आखाडात ये." तो मुलगा गेला. त्याहून धक्कादायक म्हणजे आखाडात परत आला.

आणि पाणी. उन्हाळ्यात ताटातल्या झाडाला सकाळ-संध्याकाळ पाणी लागतं, एक वेळ चुकली तरी झाड जातं. त्यामुळे मामा गेल्या तीस वर्षांत परगावी मुक्कामाला राहिलेले नाहीत. मुलीच्या लग्नात त्यांनी भटजींना स्पष्ट सांगितलं, मुहूर्त दोन पाण्यांच्या मधला काढा. भटजी म्हणाले, पंचांगात अशी सोय नाही. मामा म्हणाले, "नीट बघा, आसंल." साडेबाराचा निघाला. मुलाकडचे परगावचे होते, कार्य त्यांच्या गावाला. मामा पाठवणीला थांबले नाहीत. मुलगी रडली ती सासरी जाताना नव्हे, बाप एसटीत बसताना. पण तिनेच कापडी पिशवीतून वडिलांना शिदोरी दिली, हेही मी पाहिलं आहे.

असा हा माणूस आपली झाडं प्रदर्शनात ठेवेल हे शक्य नव्हतं. त्याला मी भरीस घातलं. आमच्या गावात एक वृक्षप्रेमी मंडळ आहे. सभासद अकरा, पदाधिकारी बारा. त्यांची एक बाग आहे, बागेत एक वॉचमन आहे, आणि वर्षातून एकदा तिथे फुलझाडांचं प्रदर्शन भरतं. सूत्रसंचालन माझ्याकडे असतं, कारण निवृत्त मराठी शिक्षक हा माईकचाच एक भाग समजला जातो. मी मामांना म्हटलं, लोकांनी बघायला पाहिजे. तीन दिवस विचार करून त्यांनी एकच झाड आणलं. चिंच.

त्या दिवशी उद्घाटनाला एक बडे साहेब यायचे होते, आणि कार्यक्रमपत्रिकेत दीपप्रज्वलनानंतर 'शुभहस्ते वृक्षारोपण' होतं. खड्डा तयार होता, ग्रॅनाइटची पाटी तयार होती, वॉचमन कलश घेऊन उभा होता. रोपं आणणारा टेम्पो रस्त्यात पंक्चर झाला होता. तेवढ्यात मंडळाच्या अध्यक्षांना, फोटो निघणार म्हणून, मिशी नीट करून घ्यायची आठवण झाली. त्यांनी मामांना मंडपामागे बोलावलं. मामा कात्री घेऊन गेले. मी माईकवर म्हणालो, "आता मी साहेबांना विनंती करतो की त्यांनी आपल्या शुभहस्ते..." आणि चिटणीस प्रदर्शनाच्या टेबलाकडून झाड घेऊन धावत येताना मला दिसला.

साहेबांनी ते फोटोसाठी उंच धरलं. खाली मुळांचा चपटा गठ्ठा लोंबत होता. मी ओळखलं. माझ्या हातात माईक होता, मंडपात तीन कर्णे होते, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. शेंगेवरून टरफलं काढावीत तशा पस्तीस वर्षं ज्याच्या त्याच्या चुका काढणारा मी माणूस. साहेब म्हणाले, "रोप चांगलं निरोगी आहे." ते खड्ड्यात ठेवलं, माती लोटली आणि बुटाने दाबली. टाळ्या झाल्या. ताट रिकामं झालं म्हणून चिटणिसाने त्यात सत्काराचे नारळ ठेवले.

मामा मिशी आटोपून आले तेव्हा परीक्षकांनी निकाल दिला होता. चिंचेला पहिला नंबर. नारळांच्या ताटापुढे तसं कार्ड लावलेलं होतं. मामांनी कार्ड वाचलं, नारळ पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. मी बोटाने खड्डा दाखवला. ते ओरडतील असं मला वाटलं. बरं झालं असतं. ते खड्ड्यापाशी गेले, उकिडवे बसले आणि म्हणाले, "तोंड उलटं केलंय." झाड मागच्या बाजूने लावलं होतं.

त्याच संध्याकाळी ते उपटून आणता आलं असतं, पण तोवर त्याच्याभोवती साहेबांच्या नावाचं लोखंडी कुंपण बसलं होतं. सहा फूट उंच, आत सव्वा फुटाची चिंच. कुलूप लावलं होतं आणि किल्ली अध्यक्षांकडे होती. मी मंडळाला अर्ज लिहून दिला. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत चांगलं गद्य असावं. उत्तर आलं की सदर वृक्ष मान्यवरांच्या हस्ते रोपित झाल्याने तो आता एकट्याचा राहिला नसून समाजाचा झाला आहे, तरी आपण मोठे मन करावे. सोबत 'वृक्षदाता' असं प्रमाणपत्र होतं. मी म्हटलं, "मामा, सरळ कुलूप तोडून घेऊन येऊ." ते म्हणाले, "माझं झाड मी चोरायचं व्हय?"

पण त्यांनी आशा सोडली नव्हती. मूळ एकदा खोल गेलं की झाड पुन्हा ताटात मावत नाही. त्यांच्या हिशेबाने त्याला वर्षभर होतं. वर्षभरात अध्यक्ष बदलेल, किल्ली मिळेल. तोवर झाड आकारात ठेवायचं. म्हणून रोज सकाळी वरचं पाणी आटोपून ते बागेत जायचे, गजांमधून लांब हात आत घालून नवा कोंब खुडायचे. मामांचे हात किती लांब आहेत हे मला तेव्हा कळलं. फेब्रुवारी गेला, मार्च गेला, पाऊस येऊन गेला, चिंच सव्वा फुटाचीच राहिली.

गणपती झाल्यावर एका सकाळी वॉचमन सलूनच्या दारात येऊन उभा राहिला. मी खुर्चीत होतो. तो आत येईना. "मामा," तो म्हणाला, "तुमी येता तवा मी तोंड फिरवून बसतो. पन आता अध्यक्ष म्हनत्यात, सायबांचं झाड वाढत न्हाई, म्हंजी तू पानी घालीत न्हाई. दिवाळीनंतर सायेब बघायला येनार हायेत. तवर वाढलं न्हाई तर घरी बस म्हनले."

मामांनी कात्री थांबवली. "किती वाढाया पायजे?"

"निदान गुडघ्याच्या वर."

"मूळ किती खाली गेलंय, बघितलंस का?"

"मला काय कळतंय त्यातलं."

मामांनी कात्री पुसून ठेवली. मग म्हणाले, "जा तू. उद्यापासून न्हाई खुडायचो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बरोबर नेलं. फांद्यांना वळण देणाऱ्या तांब्याच्या तारा अजून तशाच होत्या, आणि झाड वाढू द्यायचं तर त्या काढायला हव्या होत्या, नाहीतर सालीत रुतून फांदी गळफास घेते. तार उलगडायची नसते, तुकडे करून काढायची असते; उलगडताना कोवळी साल जाते. कुंपणाच्या पलीकडून हात घालून फांदी धरायची, हे माझं काम होतं. दोन तास आम्ही दोघे म्हातारे त्या साहेबांच्या पिंजऱ्याला दोन्हीकडून चिकटून होतो. वॉचमन खरंच पाठ करून बसला होता. मला वाटत होतं, तार निघाली की फांदी उसळून सरळ होईल. एकही हलली नाही. मी हे मोठ्याने म्हटलं असणार, कारण मामा म्हणाले, "राहील की, सर. तीस वर्सं सांगतोय तिला." शेवटचा तुकडा खिशात टाकून त्यांनी कुंपणाला धरून गुडघे सरळ केले. मी म्हणालो, "मामा, त्या दिवशी माईक माझ्या हातात होता." ते म्हणाले, "व्हय," आणि सलून उघडायची वेळ झाली म्हणून चालू लागले.

दिवाळीपर्यंत झाड गुडघ्याच्या वर गेलं. साहेब आले नाहीत. ते येणार नव्हतेच. वॉचमन अजून कामावर आहे. मामा त्यानंतर बागेत गेलेले नाहीत. एवढंच की दर महिन्याला केस झाले, मी उठलो आणि ते मानेवरचे केस झटकायला लागले की आरशात न बघता विचारतात, "कुठवर आलं?" मी हात धरून दाखवतो. दोन वर्षं असंच चाललं आहे. परवा मी जरा उदार होऊन हात खांद्याशी धरला. मामांनी मनगट पकडून तो छातीशी आणला.

"येवढंच आसंल," ते म्हणाले. "यंदा पाऊस कमी झाला."

घरी जाताना मी बागेत शिरलो. झाड माझ्या छातीलाच लागत होतं. खालच्या चार फांद्या अजून मामांच्या होत्या. त्यांच्या वरचं सगळं चिंचेचं.