सातवं घर

पोलादपूरजवळच्या वाडीत राहणाऱ्या माझ्या बायकोच्या आत्याने आयुष्यात एकही गोष्ट अर्धवट सोडलेली नाही आणि दुसऱ्यालाही सोडू दिलेली नाही. पाहुण्याच्या ताटात भाकरीचा चतकोर उरला, तर तो संपेपर्यंत ती समोर बसून राहते. जावई म्हणून मला यात सूट नाही. एकदा कशेडी घाटात दरड आली आणि घाटापलीकडच्या लग्नाला निघालेली तिची एसटी परत फिरली. आत्या दुसऱ्या दिवशी पुन्हा निघाली. नवरानवरी सत्यनारायणाला बसली होती. हिने पिशवीतल्या अक्षता त्यांच्या डोक्यावर टाकल्या आणि "आता लागलं लगीन" असं सांगून परतीची गाडी धरली. नवऱ्याच्या आईने ते फार मनाला लावून घेतलं, पण आत्याच्या लेखी आदल्या दिवशीचं लग्न कच्चंच होतं.

मागच्या हिवाळ्यात तिची मांजर व्याली. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते हे आपण सगळेच ऐकत आलोय. आत्याने ती घरं मोजली. पाचव्या घराला मांजर पडवीतल्या पेंढ्यावर येऊन बसली ती हलेना. जगलं होतं एकच पिल्लू, आणि त्याचे नुकते उघडलेले डोळे पिवळ्या पुवाने पुन्हा चिकटले. आत्याचं निदान तयार होतं. "दोन घरं ऱ्हायली हायत."

मग तिने मांजर आणि पिल्लू टोपलीत घालून शेजारच्या घरी मुक्कामाला ठेवलं. ते सहावं. सातव्याला वाडीत कोणी राजी होईना, म्हणून टोपली घेऊन ती थेट बिरवाडीला आमच्या भाड्याच्या खोलीवर हजर झाली. "जावयबापू, दोन रोज ठेवून घ्या. घरं पुरी झाली की डोळं उघडतील."

पिल्लाचा उजवा डोळा सुजून बोराएवढा झाला होता आणि ते दूधही ओढत नव्हतं. मी पहिल्यांदाच आत्याचं काम मध्येच मोडलं आणि टोपली रिक्षात घालून महाडला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेली. वाटभर आत्या टोपली मांडीवर घेऊन तोंड फिरवून बसली.

डॉक्टरांनी कोमट पाण्यातल्या कापसाने हळूहळू पापण्या सोडवल्या. "नुसतं पाणी येत असतं तर एखादा दिवस वाट बघितली असती तरी चाललं असतं. पिवळा पू, सूज, चिकटलेले डोळे, त्यात दूध बंद, म्हणजे त्याच दिवशी आणायचं. किती दिवस झाले?"

आत्याने बोटं मोजली. "सहा. मी घरं मोजत व्हते."

डावा डोळा वाचला. उजव्यावर पांढरा पडदा राहिला. डॉक्टरांनी दिलेले थेंब दिवसातून चार वेळा, हात धुऊन, प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस घेऊन, ते थांबा म्हणेपर्यंत तिने घातले. एक वेळ चुकली नाही.

आता त्या पिल्लाची चांगली मोठी मांजर झाली आहे. आत्या तिच्या उजव्या बाजूने कधी जात नाही. ती दचकेल म्हणून सगळ्या घराला वळसा घालून डावीकडून येते. परवा मी दुधाची वाटी घेऊन सरळ उजवीकडून निघालो, तर आत्याने मला थांबवलं.

"तिकडनं नको, जावयबापू. तिकडचं माझ्याकडनं ऱ्हायलंय."

वाटी घेऊन मी घराला वळसा घातला.