कुंदाचा बेडूक

हे मी आजवर कोणाले सांगितलं नाही — नवऱ्यालेही नाही. तुमाले सांगून राहिली.

पण सांगायले बसली का आधी बेडूकच डोळ्यापुढं येते! अमरावतीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते मी. आता बेडूक कापत नाहीत, पडद्यावर दाखवते. पण खऱ्या बेडकाचं पोट उघडल्यावर ते तीन कप्प्यांचं हृदय टुकटुक चाललेलं — बाप रे! अजून अंगावर काटा येते. अन् मादी असली तर? पोटभर अंडी — काळी-पांढरी, मोहरीवाणी!

त्या अंड्यांपायीच झालं सारं. बी.एस्सी.ची प्रॅक्टिकल परीक्षा. बाजूच्या टेबलावर कुंदा — दर्यापूरची, माह्याच खोलीत राहायची. नापास झाली तर शिक्षण बंद, असं तिच्या बाबांनी बजावलं होतं. मले ठाऊक होतं ना ते! दोघींले एकच प्रश्न — मादीची जननसंस्था दाखवा. बेहोश बेडूक ट्रेमधी आले. माह्या बेडकाच्या अंगठ्यापाशी जाड गादी — म्हणजे नर. कुंदाले मिळाली मादी, पोट टम्म फुगलेलं.

बदलून मागायले काय झालं होतं मले? सरांनी दिलाही असता. पण दुसरी मादी अशी भरलेली निघन का? मले तेच पोट उघडायचं होतं — मार्कांसाठी नाही हो, निव्वळ हावरटपणा!

कुंदा ब्लेड आणायले गेली — अन् मी ट्रे बदलले.

काय उघडलं होतं मी! परीक्षक सर वाकून वाकून पाहत होते. अन् कुंदा? तिनं आपला बेडूक आधीच तपासला होता, पुन्हा कशाले पाहते? अंडी शोधत आतडी उचकत राहिली, सारं फाडून बसली. "सर, अंडी दिसूनच नाही राहिली," म्हणे. सारे हसले. मीही हसली.

ती नापास झाली. तिचे बाबा आले, ट्रंक उचलली, तिले घेऊन गेले. मी खाली रिक्षापर्यंत पोचवायले गेली.

यंदा कुंदा पोरीच्या ॲडमिशनले आली. पोरीले म्हणते, "हिच्याजवळ शिक. हिचा हात लय साफ. मले तर बेडकातली अंडीही सापडली नाहीत — माहाच हात वेंधळा."

इतकी वर्षं ती हेच समजून राहिली! समोर बसली होती, दार लावलेलं, बाहेरचं कोणी नाही — फक्त तिची पोरगी. तवा बोलता आलं असतं. अन् मी काय म्हटलं?

"होते असं एखाद्याचं."