अण्णांवर ढकललेल्या दोन नळ्या

माझ्या बायकोलाही हे ठाऊक नाही. सुरतेत एवढी वर्षं गेली, ओट्यावर बसून साऱ्या जन्माच्या गोष्टी झाल्या — ही एक तेवढी तोंडातून निघाली नाही. तुम्हाला सांगतो.

नव्वद सालानंतर कधीतरी मी अमळनेरकडून सुरतेतल्या डिंडोलीला आलो, तो थेट अण्णांच्या खोलीवर. अण्णा म्हणजे आमच्या गावचे यशवंत मिस्तरी, जुन्या गाड्यांची इंजिनं बांधणारे. नातं काही नाही, गाव एक, एवढंच. किती दिवस राहणार, हे त्यांच्या बायकोने, कमलवहिनींनी, कधी विचारलं नाही. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा समोर ठेवला. अण्णांनी मला गाडी शिकवली. त्यांच्याच शब्दावर मी अठवा लाइन्सच्या एका बंगल्यात ड्रायव्हर म्हणून लागलो. त्या माणसाने माझ्यासाठी काय नाही केलं? आणि मी —

थांबा, आधी गाडीचं सांगतो. बंगल्यातल्या बांची, म्हणजे शेठच्या आईची, एक जुनी विलायती गाडी होती. त्यांच्या यजमानांनी हौसेने घेतलेली, अण्णांनी पुन्हा उभी केलेली. बॉनेटखाली दोन काळ्या रबरी नळ्या शेजारी शेजारी. एक इंजिनाच्या पोटातला तेलकट धूर हवेच्या फिल्टरकडे नेई, म्हणजे तो पुन्हा जळून जाई. दुसरी इंजिनाची जोरदार ओढ ब्रेकच्या डब्यापर्यंत पोचवी, म्हणून एवढी जड गाडी हलक्या पायाने थांबायची.

गाडीत तेलाचा वास येतो, अशी बांची तक्रार होती. अण्णांना बोलवायला हवं होतं. पण मला वाटलं, एवढं काय त्यात? आपणच करून दाखवू. दुपारी बंगल्यात सामसूम असताना मी दोन्ही नळ्या काढल्या, पुसल्या, परत बसवल्या. वास गेला. केवढा खूश झालो मी!

दुसऱ्या दिवशी बांना घेऊन तापीपलीकडे रांदेरला निघालो. फाटकातून बाहेर पडताना, डब्यात उरलेल्या आधीच्या ओढीवर, ब्रेक नीट लागला. चौकात पॅडल जड वाटलं — तेव्हाच गाडी बाजूला घ्यायला हवी होती ना? नाही घेतली. तापीच्या पुलावरून उतरताना पॅडल दगडासारखं झालं. दोन्ही पायांनी दाबलं, तरी गाडी जाऊन उभ्या टेम्पोच्या मागे धडकली. बांचं मनगट मोडलं. मागच्या सीटवर त्या हात धरून बसल्या होत्या आणि मलाच लागलं नाही ना, असं विचारत होत्या, "तने वाग्युं तो नथी ने, बेटा?"

शेठ आले. "तुला पोलिसात देतो," म्हणाले. आणि मी म्हणालो, "गाडीला अण्णांनी हात लावला होता. नळ्या त्यांनीच बसवल्या."

अण्णांना बोलावलं. त्यांनी बॉनेट उघडलं. नळ्यांची टोकं उलटी बसली होती. ब्रेकची नळी फिल्टरला, धुराची नळी ब्रेकच्या जागेला. अण्णांनी वर पाहिलं, माझ्याकडे. क्षणभरच. मग शेठकडे वळून चूक स्वतःवर घेत म्हणाले, "भूल मारी छे, भाई."

शेठनी त्यांना नाही नाही ते ऐकवलं. अण्णा मान खाली घालून ऐकत राहिले. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. तोंड उघडायला किती वेळ लागला असता?

घरी जाताना अण्णा सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत आले. मी वाट पाहत होतो, आता बोलतील, आता बोलतील. डिंडोली आली तेव्हा म्हणाले, "त्या नळ्यांवर मी खूण कराले पाहिजे व्हती. मनी बी चूक शे." वहिनींनी रोजच्यासारखं ताट वाढलं. मी जेवलो. हो, जेवलो.

गोष्ट पसरली, तशा गाडीवाल्यांनी अण्णांकडे गाड्या देणं बंद केलं. इंजिनावर कान ठेवून हसणारा तो माणूस सुरतेजवळच्या सचिन गावात कापड रंगवायच्या एका कारखान्यात बॉयलरवर कामाला लागला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. माझी नोकरी टिकली. माझ्या लग्नात मामा म्हणून अंतरपाटापाशी उभे राहिले ते अण्णाच. मुलगी झाली तेव्हा वहिनी महिनाभर आमच्याकडे राहिल्या. त्या घराने माझं जेवढं केलं तेवढं माझ्या भावांनीही केलं नाही, आणि तो विषय अण्णांनी पुन्हा कधी काढला नाही.

गेल्या वर्षी अण्णा गेले. दहाव्याला वहिनी आल्यागेल्यांना सांगत होत्या, "हात सोन्याचा होता हो त्यांचा. जन्मात एकच गाडी चुकली." मी शेजारीच बसलो होतो. लोकांना पाणी देत होतो.

एकही गाडी चुकली नव्हती, वहिनी.