तोरणमाळचा घाट कोणी चढवायचा

आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. कडुनिंबाला झोका बांधतात, खापरावरचे मांडे आणि आमरस होतो, आणि आलेल्या लेकीने जेवल्यावर ताटसुद्धा उचलायचं नसतं. चांगली प्रथा आहे, तिच्याविरुद्ध माझं काही नाही. पण जी लेक अजून कुठे गेलेलीच नाही, तिने काय करायचं? तिने रस काढायचा. यंदाही रस मी काढला, ताटं मी घासली आणि झोक्यावर ताई होती.

मला हेवा वाटला. आडवळणाने कशाला लिहू? खेड्यांतल्या कॉलेजच्या मुलींना वेळेवर एसटी मिळावी म्हणून आमचा एक गट भांडतो, त्याची पत्रकं मी लिहिते. पत्रकात मागणी पहिल्या ओळीत द्यायची असते. माझी मागणी एकच होती: तोरणमाळचा घाट मी चढवणार.

मागणी हवेतली नव्हती. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून आमची जुनी गाडी मीच चालवते. अमळनेरहून धुळ्याचा दवाखाना मी, बाजार समिती मी, नातेवाइकांच्या लग्नपत्रिका वाटायला गावोगाव मी. उन्हाळ्यात सगळे मिळून तोरणमाळला जाऊ आणि घाट तू चढव, हे थंडीत आबाच म्हणाले होते. तेव्हापासून तो घाट मी मनात कितीदा चढले असेन.

आखाजी झाली आणि ताईला न्यायला दाजी धुळ्याच्या देवपूरहून आले. आलेच आहात तर तोरणमाळ करू, असं आबांनी ठरवून टाकलं. निघायच्या सकाळी डिकी मी भरली, चाकांतली हवा मी बघितली, रेडिएटरमध्ये पाणी मी घातलं. दार उघडणार तेवढ्यात आबांनी माझ्याकडून चावी मागून घेतली आणि दोन्ही हातांनी दाजींपुढे धरली, आहेर करतात तशी.

"जावईबापू, तुम्हीच घ्या."

दाजी नको नको म्हणाले, पण जेवढं म्हणायची रीत आहे तेवढंच. मी आबांकडे बघत उभी राहिले. ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "तू ते रोजनीच शे ना, पोरी. मांगे बस."

मी रोजची, म्हणून मागे आई आणि ताईच्या मध्ये, फराळाच्या पिशवीवर पाय ठेवून बसले. शिंदखेडा गेलं, शहादा गेलं, बाहेर नुसतं ऊन. मी समोर बघत होते. रस्त्याकडे नाही, आबांच्या हाताकडे. मी चालवत असले की आबा दाराच्या वरची कडी घट्ट धरून बसतात, सरळ रस्त्यालाही. आज त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते. दाजींनी एका ट्रकला असं ओलांडलं की माझा पाय आपोआप पिशवीवर दाबला गेला. आबांचे हात मांडीवरच. घाट तर अजून लागायचा होता.

घाट लागला तरी एसी चालूच. आमची गाडी चढाला एसी सोसत नाही, इंजिन तापतं, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. साध्या सपाट रस्त्यावर मी एसी लावला तरी आबा बोलतात. मी म्हटलं, "दाजी, एसी बंद करा. काटा वर चाललाय."

"मेव्हणीबाई, मागे बसूनही गाडी तुम्हीच चालवताय का?" दाजी म्हणाले आणि सगळे हसले. ताईसुद्धा. आईने माझ्या मांडीला चिमटा काढला, कारण जावयाला शिकवायचं नसतं. आणि आबा, माझे आबा, म्हणाले की घाटात थंड हवा असलेली बरीच.

पुढच्या वळणांवरही एसी चालूच राहिला. काटा मलाही दिसत होता, आबांनाही. मग बॉनेटमधून वाफ आली.

गाडी कडेला लागली. सागाच्या झाडांवर पान नव्हतं, सावली कुठेच नव्हती. दाजींनी बॉनेट उघडलं, रुमाल गुंडाळला आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घालायला गेले. आबा जागेवर चुळबुळले, तोंड उघडलं, पण शब्द काढेनात. जावयाला कसं थांबवायचं?

"हात लावू नका," मी ओरडले. "उकळतं पाणी तोंडावर येईल."

दाजींनी हात मागे घेतला. इंजिन निवेपर्यंत आम्ही उन्हात बसलो, मग पाणी मी घातलं. माणूस खरा आहे, हे मला लिहावं लागतंय. त्यांनी चावी माझ्यापुढे धरली आणि म्हणाले की ही गाडी तुम्हालाच कळते, तुम्हीच न्या. माझा हात पुढे गेलाही होता.

आबा मध्ये आले. "नाही नाही, जावईबापू. गाडी जुनी शे, तुमचा काय दोष." आणि चावीसकट दाजींची मूठ त्यांनी मिटवली.

"माझ्या हातात तापली असती तर दोष कोणाचा असता, आबा?" मी विचारलं. आबा गाडीत जाऊन बसले.

उरलेला घाट दाजींनी एसी बंद ठेवून चढवला, आणि नीट चढवला. त्याचाही मला रागच आला. वर तलावाकाठी गार वारा होता. ताई मला बाजूला घेऊन म्हणाली की सासरी दाजी तिला गाडीच्या चावीला हातही लावू देत नाहीत. मला तिची दया यायला हवी होती. पण वाटलं, झोका तुला, मांडे तुला, आणि आता माझं दुःखही तुलाच हवं का?

घरी आल्यावर शेजारच्या नानांना आबा ओट्यावर सांगत होते, जावयाने काय घाट चढवला म्हणून. वाफेचा उल्लेख नाही. मी डिकीतून पिशव्या काढत होते.

ताई-दाजी गेले त्याच्या दुसऱ्या सकाळी आबांनी हाक मारली, पोरी, गाडी काढ, बाजार समितीत जायचंय.

"दाजींना बोलवा," मी म्हटलं आणि जागची हलले नाही.

आबा दारातून मागे फिरले. मग खुंटीवरची चावी त्यांनी स्वतः काढली आणि माझ्यापुढे धरली. एकाच हाताने. मी ती घेतली आणि गाडी काढली. गल्लीच्या पहिल्या वळणाला त्यांचा हात कडीकडे गेला.