शिवलं की परत!

"शिवलं की परत!" हे त्याचं पालुपद. तापल्या तव्याला बोट लागलं तरी हेच, आणि साहेबाच्या केबिनमध्ये डोकावून लगेच बाहेर आला तरी हेच. सांगलीकडे कॉलेजात कबड्डी गाजवलेला हा काटकुळा गडी आखातात धाहरानला माझ्याबरोबर तेलाच्या पंपांच्या देखभालीवर होता. इंजिनिअर झाला, संसारी झाला, पण मैदान काही डोक्यातून गेलं नाही.

आमचा फोरमन अमेरिकन. शुक्रवारी कंपनीच्या कॅम्पच्या मैदानावर त्यांचा तो लांबट चेंडूचा फुटबॉल चाले. एकदा माणूस कमी पडला म्हणून आमच्या ह्याला बचावाच्या फळीत उभं केलं. समोर रेड्यासारखे दोघं. त्यांना चुकवून चेंडू फेकणाऱ्यापर्यंत पोचायचं आणि त्याच्या कमरेची फीत ओढायची, एवढंच काम. फोरमनने करून दाखवलं: समोरच्याचे हात झटक, खांदा खाली घाल, बगलेखालून आत घूस.

अहो, हे त्याला काय शिकवायचं! शिट्टी झाली आणि हा "कबड्डी, कबड्डी" पुटपुटत असा निसटला की ते दोघं एकमेकांवरच आदळले. फेकणाऱ्यापाशी पोचला, त्याच्या दंडाला बोटं लावली आणि वळून धूम परत! आमच्या बाजूला येऊन हात वर करून उभा. फीत तिकडे कमरेला तशीच. त्या बावचळलेल्या माणसाने मग निवांत चेंडू फेकला आणि गुण घेतले.

"पकड ना! परत कशाला येतोस?" फोरमन किंचाळला.

"शिवलं ना त्याला!" हा धापा टाकत म्हणाला.

त्यानंतर प्रत्येक शुक्रवारी हाच तमाशा. फोरमनने कपाळ बडवून घेतलं, पण त्याला संघातून काही काढलं नाही.

मग शेजारचं कुवेत शत्रूच्या हाती गेलं आणि कॅम्पमध्ये बायकामुलांना घरी पाठवायची घाई उडाली. हा बायको आणि मुलीला मुंबईला सोडायला निघाला तेव्हा वहिनी मला स्पष्ट म्हणाल्या, "भावजी, ह्यांना आता मी परत पाठवायची नाही हं." आमच्या पाळीतले निम्मे लोक आधीच गेले होते. हा आला नाही तर पंपांशी मी एकटाच, आणि खरं सांगतो, मला भीती वाटत होती.

"खलास, तो कसला येतोय!" सगळे म्हणत होते.

लढाई लागायच्या आत स्वारी चकल्यांचा डबा घेऊन दारात. "मुंबईला शिवून आलो!" मी आधी त्याला शिव्या घातल्या, मग मिठी मारली.

"आणि वहिनी?"

"बोलत नाही. लढाई संपली की कायमचं घरी यायचं, ह्या बोलीवर सोडलंय."

लढाई लागली. क्षेपणास्त्राचा भोंगा वाजला की आम्ही तोंडाला गॅसचा मास्क लावून आतल्या खोलीत बसायचो. तिथेही फोरमन त्याला पकड शिकवायचा. हा मास्कच्या आत कबड्डी घुमवायचा आणि काच वाफेने पांढरी व्हायची. तशातही आम्हाला हसू यायचं.

लढाई संपली. त्याने बोलीप्रमाणे इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, जमा केला. विमानतळावर फोरमनही आला होता. आम्ही काही बोलायच्या आत ह्याने दोन बोटं माझ्या दंडाला लावली, दोन फोरमनच्या, आणि बॅग उचलून दाराकडे पळत सुटला. वळून पाहिलंसुद्धा नाही.

फोरमनने त्या दाराकडे बघत टोपी काढली. "पकडायला हवं होतं रे आपण ह्याला," तो म्हणाला.

माझे दोन्ही हात मोकळे होते.