बेलापूरला दुपारी दोन सूर्य

अजितचा फोन आला तेव्हा आमच्या कोल्हापूरच्या स्टुडिओत एका बारशाचे पाहुणे पुढच्या रांगेत कोणी बसायचं यावरून भांडत होते. अजित माझा मामेभाऊ, नवी मुंबईत आर्किटेक्ट. "ताई, आमची बेलापूरची बिल्डिंग झाली. पूर्ण काचेची! ऑफिसच्या कॅलेंडरसाठी फोटो हवेत. तू येच." लग्नं, मुंजी आणि पासपोर्ट साइज यांत माझी वर्षं चालली होती. हौसेनं घेतलेली वाइड अँगल लेन्स कपाटात पडून होती, कारण तिच्यातून नवरदेवाचं नाक भलतंच मोठं येई. स्टुडिओ नवऱ्याच्या गळ्यात मारला आणि निघाले.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. 'नवी मुंबईत इमारतींचे फोटो काढायला जायचंय, काय काय लागेल?' असं मला अधूनमधून विचारणाऱ्यांसाठी लिहिते आहे. कामाचं सांगेनच. पण त्या प्रवासाची चव अजून कडूच आहे, आणि मी तिच्यावर साखर पेरणार नाही.

तेव्हा एक्सप्रेसवे नव्हता. रात्रीची एसटी जुन्या घाटात ट्रकांच्या मागे रांगत रांगत उतरली आणि सकाळी बेलापुरात कोकण भवनच्या थांब्यावर मला सोडून गेली. टपरीवर चहा आणि गरम वडापाव मिळाला. रस्ते इतके रुंद की ओलांडताना कंटाळा यावा, आणि त्यांवर चिटपाखरू नाही. पंगतीची पानं मांडून ठेवलीत, पाहुण्यांचा पत्ता नाही, असं ते शहर दिसत होतं.

अजितची बिल्डिंग मात्र देखणी होती, हे मान्य करायला हवं. निळसर आरशाच्या काचा, त्यांत अख्खं आकाश. वाइड अँगलनं इमारत काढताना कॅमेरा जरा वर केला की बिल्डिंग मागे रेलते, म्हणून तो सरळ धरून लांब जायचं. कॅमेऱ्याचं मीटर काचेला फसतं, तेव्हा प्रकाश आपल्या तळहातावर मोजायचा. हे सगळं मी मागच्या, खाडीकडच्या बाजूला करत होते, तर वॉचमन आला.

"म्याडम, गाव कंचं?"

"कोल्हापूर."

"मग आमचंच की! मी साताऱ्याचा. आत्ता कशाला फिल्लम घालवताय? सकाळी या अंगाला ऊनच न्हाय, बिल्डिंगची सावली. दुपारी या. दुपारी हितं उभं ऱ्हायवत न्हाय."

दुपारी अजितच्या स्कूटरवरून परत आलो. सूर्य खाडीकडे कलला होता आणि काचांवरून उलटून समोरच्या सगळ्या मोकळ्या जमिनीवर पडत होता. पुढून ऊन, मागून ऊन. माझ्याच दोन सावल्या पडल्या होत्या, एक बिल्डिंगकडे, एक खाडीकडे. इतक्या वर्षांत असा प्रकाश मी पाहिला नव्हता. मी आनंदानं वेडी व्हायची बाकी होते.

वाइड अँगलला पुढ्यात काहीतरी लागतं, नाहीतर फोटो रिकामा दिसतो. म्हणून खाडीच्या दिशेनं चालत गेले, तर कोळीवाड्याच्या कडेला बांबूच्या वलांड्या उभ्या होत्या. वलांडी म्हणजे मासळी वाळवायची मांडणी. बोंबलांची जबड्यात जबडा अडकवून जोडी करायची आणि ती आडव्या काठीवर टांगायची. अशा कितीतरी रांगा, प्रत्येक बोंबलाला दोन सावल्या, आणि मागे ती चमचमणारी काच. मी गुडघ्यावर बसून अख्खा रोल संपवला.

वलांडीखालून एक मावशी बाहेर आल्या. काष्ट्याचं लुगडं, डोक्याला फडकं. हातात दोन बोंबील होते. ते एकमेकांवर आपटून त्यांनी कानाजवळ नेले. खट् असा कोरडा आवाज आला. "निगाले," त्या म्हणाल्या आणि भराभर रांग उतरवू लागल्या.

"आवाजावरून कळतं, मावशी?"

"मंग? खट् वाजला का सुकला. माजी सासू असाच बघायची. पैले चार दिस लागायचे गो बाय, आता दोन दिसांत वाजतान. ह्या काचंनी आमचा काम सोपा केला."

मागोमाग आलेला अजित खूश झाला. "बघ ताई, आम्ही यांना फुकटचा सूर्य दिला!"

"किती उतरवणार एवढे?" मी विचारलं.

"घराचा माला भरायचा. पावसात होड्या बंद. तवा हेच खायाचा, हेच इकायचा. आमचे चार म्हैने यावरच जातान." बोलता बोलता त्यांनी एक जुडी बांधली आणि माझ्या पिशवीत कोंबली. मी पैसे काढले तर त्यांनी हात झटकला. "पावनी तू. घरी कालवन कर."

रात्र अजितच्या सानपाड्याच्या फ्लॅटवर काढली. दुसऱ्या दिवशी त्यानं वाशी फिरवलं. चांगल्या जागा आहेत, जाणाऱ्यांनी बघाव्यात, पण माझं मन त्या दोन सावल्यांतच होतं. संध्याकाळच्या एसटीनं परत निघाले. बोंबलांच्या वासानं शेजारच्या बाईनं जागा बदलली. मला तेवढंच ऐसपैस बसायला मिळालं.

काही दिवसांनी, एका रविवारी, जुडी सोडली. वरून कडक, एकमेकांवर आपटले तर खट् वाजणारे. मोडून पाहिले तर आत ओले, काळपट, आणि अळ्या. सगळे तसेच. मी मोरीपाशी उभी होते आणि एकदम डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सकाळभर बिल्डिंगची सावली आणि दमट हवा, मग दुपारी दोन्हीकडून भाजणं. साल करकरीत होत होती आणि गर तसाच ओला राहत होता. सासूची ती आवाजाची परीक्षा खरी ठरावी, असं हे ऊनच नव्हतं. आणि तसलेच बोंबील मावशींच्या माळ्यावर जात होते.

अजून वेळ होता. हंगाम संपला नव्हता. माळ्यावरचे काढून, चिरून, बिल्डिंगपासून लांब साध्या उन्हात घातले असते तर निम्मे तरी वाचले असते. मी लगेच अजितला फोन लावला. "आजच जा आणि त्यांना सांग. बिल्डिंगपासून चालत दोन मिनिटांवर आहेत." तो म्हणाला, "हो गं." आठवड्यानं पुन्हा लावला. "सांगितलं गं ताई! किती टेन्शन घेतेस? त्या थँक्यू म्हणाल्या." मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि देवापुढे चक्क साखर ठेवली.

पावसाळ्यात कॅलेंडरचा नमुना आला. जूनच्या पानावर माझा फोटो होता. वलांड्या खालून कापल्या होत्या, उरली होती नुसती काच. त्यावर भांडायला म्हणून फोन केला, तर अजितच वैतागलेला.

"ताई, इथे काय तमाशा झाला माहितीये? त्या कोळणींनी सडक्या बोंबलांची पोती आणून आमच्या पायऱ्यांवर ओतली. लॉबीत अजून वास येतोय. क्लायंट नाकाला रुमाल लावून येतात."

"तू सांगितलं होतंस ना?"

"अगं, तेव्हा साइटवर इतकं काम... आणि पिढ्यान्‌पिढ्या मासे वाळवणाऱ्यांना मी काय शिकवणार? मला वाटलं, त्यांचं त्यांना कळेल."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं.

मग तोच हसून म्हणाला, "पण ती तुझी मावशी भारी हं. एवढा राडा चाललेला, आणि मला बाजूला घेऊन विचारते, त्या फोटोवाल्या बायला दिलेले तरी चांगले निगाले का? मी काय म्हणणार? म्हटलं, हो, एकदम मस्त निघाले. बिचारी खूश झाली गं."

मी फोन ठेवला. अजितशी त्यानंतर लग्नाकार्यात समोरासमोर आले तरी बोलले नाही. त्या फोटोला पुढे लोकांनी नावाजलं, त्याचं काही वाटत नाही. त्या मावशी माळा रिकामा झालेला असताना, चार महिने समोर असताना, माझ्या कालवणाचं ऐकून खूश झाल्या, हे मला आजही सहन होत नाही.