झेंडू, हॉर्न आणि न लावलेला रिले

आमची गाडी म्हणजे जुनी घेतलेली व्हॅन. मागची सीट काढून बाबा तिच्यात झेंडूची पोती भरतात आणि मूर्तिजापूरजवळच्या आमच्या शेतातून अमरावतीच्या बाजारात नेतात. गेल्या पावसाळ्यात गावातल्या एका ट्रॅक्टरची बॅटरी चोरीला गेली, तेव्हा बाबांनी व्हॅनला अलार्म बसवायचं ठरवलं. मी अमरावतीला इलेक्ट्रिकल शिकतो म्हणून अकोल्याच्या गाडी-सामानाच्या दुकानात मलाही सोबत नेलं. नेमकं काय शिकतो ते घरात कोणाला सांगता येणार नाही. माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलंच नव्हतं.

दुकान चकचकीत होतं. वासाच्या बाटल्या, स्टिअरिंगची कव्हरं, रंग बदलणारे दिवे. मालक स्वतःच फिटिंग करायचा आणि वायर दातांनी सोलायचा. शोकेसमध्ये करंट तपासायचा एक मीटर होता, न उघडलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत, स्टिकरसकट. अलार्मच्या खोक्यात जोडणीचा नकाशा छापलेला कागद होता. त्यावर ठेवून त्याने कचोरी खाल्ली.

त्या कागदावर रिले दाखवलेला होता. मला धीर होत नव्हता, तरी विचारलं, "भाऊ, रिले कुठं लावता?"

तो बाबांकडे पाहून हसला. "काकाजी, पोरगं इंजिनेर होऊन राहिलं वाटते! अरे बाबू, रिले-फिले कंपनीवाल्याइचे चोचले. आपलं सारं डायरेक्ट. डायरेक्टले काय होते?"

"चूप बस," बाबा मला म्हणाले. "त्याचं रोजचं काम हाये. तुयं अजून शिकनंच चालू हाये."

खरं तर मी सांगत होतो ते फार मोठं ज्ञान नव्हतं. अलार्मच्या डबीतून हॉर्नसाठी निघणारी वायर जेमतेम दोऱ्याएवढी असते, आणि हॉर्न तर भरपूर करंट ओढतो. म्हणून मध्ये रिले, म्हणजे विजेनेच दाबलं जाणारं बटण, घालायचा. डबी रिलेला नुसता इशारा करते आणि हॉर्नचा सगळा भार रिले स्वतःवर घेतो. चोराने गाडी चालू करू नये म्हणून इंजिनची वायर तोडतात, तीही रिलेतूनच न्यायची, आणि अशी जोडायची की अलार्म मेला तरी मालकाची गाडी चालू व्हावी. कचोरीच्या तेलाखाली हे सगळं छापलेलं होतं. त्या माणसाने चावीकडून इंजिनकडे जाणारी वायरसुद्धा सरळ त्या डबीतूनच फिरवली आणि वर चिकटपट्टी गुंडाळली. मग रिमोट दाबून टुक-टुक वाजवून दाखवलं. बाबा खूश. पुढे कित्येक दिवस ते पानटपरीसमोर गाडी उभी करून उगाच टुक-टुक करत होते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी पोती भरून झाली. या एका दिवसासाठी आम्ही झेंडू लावतो. दसरा उलटला की तो ढोरांपुढेच टाकावा लागतो. बाबांनी सवयीने रिमोट दाबून अलार्म लावला आणि आम्ही चहाला बसलो. तेवढ्यात शेजाऱ्यांच्या म्हशीने व्हॅनला पाठ घासली.

हॉर्न सुरू झाला तो थांबेचना. बाबा रिमोट दाबत राहिले, नंतर त्याच्यावर ओरडायला लागले. मग प्लास्टिक जळाल्याचा वास आला. मी बॅटरीची वायर काढली तेव्हा कुठे हॉर्न थांबला. डबी एका बाजूने वितळली होती. वायर पुन्हा लावली तर हॉर्न परत बोंबलला, आणि चावी फिरवली तरी इंजिन काही चालू होईना. बॅटरीची वायर पुन्हा काढावी लागली.

"ढकलून पाहू," बाबा म्हणाले. इंजिनची वायरच त्या जळक्या डबीतून जाते, ढकलून उपयोग नाही, हे माझं त्यांनी ऐकलं नाही. बॅटरी जोडायला लावली आणि चार घरची माणसं बोलावली. भरलेली व्हॅन बोंबलत देवळापर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली. म्हशीच्या मालकीणबाई दारातून म्हणाल्या, "घरात इंजिनेर हाये अन् हे ढकलून राहिले, बाप्पा!"

बाबा घामाघूम होऊन माझ्याकडे वळले. "काहून रे, तुले जमते का काही?"

मी बॅटरी सोडवली आणि डॅशबोर्डखाली शिरलो. इतकं घाणेरडं काम मी तोवर पाहिलं नव्हतं. नुसते पीळ दिलेले सांधे, एकाच रंगाच्या वायरी. डबीच्या सगळ्या वायरी तोडून त्यांची टोकं झाकली, इंजिनच्या वायरीची दोन टोकं पूर्वीसारखी जोडली. बॅटरी लावली. हॉर्न गप्प राहिला आणि व्हॅन चालू झाली. झेंडू बाजारात थोडा उशिरा पोचला, पण पोचला.

दसऱ्यानंतर जळकी डबी घेऊन आम्ही अकोल्याला गेलो.

"पानी गेलं असन," मालक डबीकडे न बघताच म्हणाला.

"पोरगं तवाच रिले म्हनत होतं," बाबा म्हणाले.

"अरे, मंग रिलेवालं पाह्यजे होतं तर आधी सांगाचं ना, काकाजी!"

त्याला खरंच लाज वाटत नव्हती. कदाचित मी जास्त कडवट लिहितोय. पण मी शोकेसकडे पाहिलं, तर दसऱ्याची पूजा तशीच होती. तो मीटर अजून पिशवीतच होता, पिशवीवर हळद-कुंकू आणि वर सुकत आलेली झेंडूची माळ. ती फुलं अमरावतीहून आली असतील का, असं मनात आलं. आमची नसावीत, एवढंच वाटलं.

बाबांनी जळकी डबी काउंटरवरून उचलून खिशात घातली. "चाल," ते मला म्हणाले, "रिले दुसरीकडं भेटन."